जाळरेषेवरचा पाला

आमच्या आलापल्लीकडच्या वनरक्षकाला कोणतंही गाऱ्हाणं सांगा, आधी तो टोपी काढून डोकं खाजवतो आणि विचारतो, "जाणूनबुजून का चुकून?" शेजारणीच्या बकरीनं माझी वांगी खाल्ली, तेव्हाही त्यानं हेच विचारलं! तरुणपणी मला असले प्रश्न पडायचे नाहीत. दूध नासलं की थेट जावेला गुन्हेगार ठरवून मी मोकळी.

यंदा त्याच शेजारणीनं मोहफुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवला आणि आग जंगलात शिरली. वनखात्याचे साहेब तिच्यावर गुन्हा नोंदवायला आले.

वनरक्षकानं टोपी काढली. "आग हिनंच लावली, साहेब. पण आग अडवायची मधातली जाळरेषा साफ ठेवणं माहं काम होतं. तिच्यावर पाला तसाच पडून होता. साफ असती तर आग तिथीच थांबली असती."

साहेबांनी तिला समज देऊन सोडलं आणि त्याच्यावर चौकशी लावली.

शेजारीण कळवळली, "भाऊ, माहा दोष आपल्या डोक्यावर काऊन घेतला?"

"तुहा तुह्यापाशीच हाय, बाई," तो म्हणाला. "म्या माहा घेतला."