मास्तरांनी कॉम्प्रेसरचं माप घेतलं

माझा गुन्हा एकच, माझ्याकडे ड्रिल मशीन आहे. भिंतीवर दोन फोटो टांगायला ते घेतलं, दोन्ही फोटो वाकडे लागले, आणि तेव्हापासून नात्यागोत्यात मी कारागीर समजला जातो. म्हणूनच त्या गुरुवारी सकाळी माझे साडू दारात येऊन उभे राहिले.

"साडूभाऊ, ड्रिल घ्या आणि चला. जीपमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर बसवायचाय. रविवारच्या आत."

या साडूंना सगळे मास्तर म्हणतात. ते शिंपी. त्यांनी शिवलेला कोट चढवला की पोक काढून चालणारा माणूसही ताठ होतो. फक्त तो कोट वेळेवर मिळत नाही. 'उद्या या' हे मास्तर इतक्या गोड आवाजात म्हणतात की गिऱ्हाईक चार-चार वेळा उद्या येतं. असा माणूस स्वतःच्या तोंडाने रविवारची मुदत घालतोय म्हटल्यावर मी समजलो, पाणी डोक्यावरून गेलंय.

झालं होतं असं. मास्तरांकडे नऊ वर्षांपासून एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. दर दोन महिन्यांनी पाच गाड्यांचा ताफा कोरड्या नदीच्या पात्रात वाळू तुडवायला जातो, त्यात मास्तर असतात. वाळूत शिरताना टायरमधली निम्मी हवा सोडायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. परतताना डांबरी रस्ता लागायच्या आधी ती पुन्हा भरायची. बाकीच्यांचे कॉम्प्रेसर घुरघुरायचे, मास्तर पायपंप मारायचे. जन्मभर पायाने शिलाई मशीन चालवलेला माणूस, त्याला पायपंपाचं काय! पण यंदा उजव्या गुडघ्याने संप केला आणि डॉक्टरांनी पंपाला बंदी घातली.

मग मागच्या खेपेला चारही चाकं आक्काने भरली. आक्का म्हणजे मास्तरांची बायको, माझी थोरली मेहुणी. ती शाळेची व्हॅन चालवते आणि आरशात नुसतं बघून वीस पोरांना गप्प करते. पाऊण तास ती अकरा माणसांसमोर पंप मारत होती. तिचा चेहरा बघून मदतीला पुढे व्हायची कोणाची छाती झाली नाही. घरी आल्यावर तिने निकाल दिला.

"पुढच्या वेळी तुमच्या गाडीने स्वतःच्या हवेवर चारही चाकं भरली तर राहू दे तिला. कोणाची उसनी हवा चालणार नाही. नाही जमलं, तर सोमवारी गिऱ्हाईक बोलावते."

मास्तरांचा त्या जीपवर जीव आहे. त्यांचं दुकान आठ बाय दहाचं, मशीनसमोर भिंत, भिंतीवर कपाट. दिवसभर त्यांची नजर सुईच्या पुढे जात नाही. जीपमध्ये बसलं की लांबचं दिसतं, असं ते मला एकदा म्हणाले होते. त्यामुळे माझ्या कपाळावर आठ्या होत्या तरी मी ड्रिल उचललं.

मेकॅनिककडे का नेत नाही, हे मी विचारलं. मास्तर दुखावले. "दुसऱ्याने शिवलेला कोट मी घालतो का?"

कॉम्प्रेसर डब्यातून निघाला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि त्याचं माप घेतलं. मला वही दिली. "लिहा. छाती सोळा. उंची नऊ. खांदा," इथे ते जरा अडखळले, "खांदा नाही याला." मग बॉनेट उघडून बॅटरीशेजारच्या पत्र्यावर त्यांनी खडूने खुणा केल्या. मी भोकं पाडायला ड्रिल लावलं तसा त्यांनी माझा हात धरला.

"एकदम पक्कं नाही करायचं. आधी कच्चं मारू, ट्रायल बघू."

आणि या माणसाने इंजिनच्या शेजारी तो चार किलोचा कॉम्प्रेसर सुतळीने बांधला! इंजिन चालू केल्याबरोबर तो असा नाचायला लागला की मी उडी मारून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मास्तर मात्र मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघत होते. "डावीकडे अर्धा इंच सैल आहे," म्हणाले.

शुक्रवारी चार बोल्ट बसले. तीन माझ्या भोकांत आणि एक त्यांच्या खुणेवर, कारण माझं चौथं भोक कुठे पडलं ते मी सांगणार नाही. मागच्या सीटखाली हवेची टाकी बसली. बॅटरीपासून जाड लाल वायर, मध्ये फ्यूज, डॅशबोर्डवर बटण, आणि कॉम्प्रेसरपासून टाकीपर्यंत नायलॉनची नळी. या नळीवरून आमचं वाजलं. कापड कापताना शिंपी शिवणीच्या आत थोडं जास्तीचं ठेवतो, पुढे माणूस सुटला तर कपडा सोडता यावा म्हणून. त्याला ते माया म्हणतात. मास्तरांनी नळीलाही माया ठेवली, चांगली दोन हात.

"मास्तर, जीप काय जाड होणार आहे?"

"तुम्ही पोस्टात काम करता, साडूभाऊ. तिकीट चिकटवलं की तुमचं संपलं. कापलेलं पुन्हा जोडलं जात नाही." एवढं बोलून त्यांनी जास्तीच्या नळीची घडी घातली आणि इंजिनच्या बाजूला दोऱ्याने टाके घालून अडकवली. टाके मात्र बघत राहावे असे.

शनिवारी चाचणी. बटण दाबलं, कॉम्प्रेसर घुरघुरला, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर गप्प. पुन्हा बटण, पुन्हा गप्प. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. फ्यूज ठीक, वायर ठीक. तेवढ्यात आक्का व्हॅन लावून आली. तिने बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि थंड आवाजात विचारलं, "हे काय घातलंय त्याला?"

मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. मास्तरांनी रातोरात कॉम्प्रेसरला कोट शिवला होता. अस्तर लावून. पाच बटणं, वर एक खिसा.

"धूळ बसू नये म्हणून," मास्तर पुटपुटले.

"उकडलं त्याला. तुम्ही उन्हाळ्यात कोट घालून पळा आणि बघा," आक्का म्हणाली. तिने पाचही बटणं काढली. कॉम्प्रेसर थंड झाल्यावर मुकाट्याने चालू झाला. टाकी भरली, तरी आक्काचा कान टवकारलेलाच होता. "टाकीच्या तोंडाशी फुसफुसतंय." साबणाचं पाणी लावलं, तिथेच बुडबुडे. मी पाना फिरवला, बुडबुडे बंद. ज्या बाईला जीप विकायची आहे ती गळती कशाला शोधून देते, हा प्रश्न मला पडला होता. पण आक्काला प्रश्न विचारायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण, म्हणून मी पाना पुसून ठेवला.

रविवारी मला ड्रिलच्या पेटीसकट मागच्या सीटवर, टाकीच्या बरोब्बर वर बसवलं. मास्तर चालवत होते, आक्का शेजारी. "दुसरा गिअर टाका... आता ब्रेक... खड्डा आहे, खड्डा, गेलात ना खड्ड्यात?" असं तिचं वाटभर चालू होतं. वाळू झकास झाली. दुपारी सगळे पात्राबाहेर आले आणि पाचही गाड्या हवा भरायला ओळीने उभ्या राहिल्या. ताफ्याचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर. ते खुर्ची टाकून बसले होते आणि उंटावरून शेळ्या हाकत होते.

मास्तरांनी टाकीची हवा भरायची वेगळी नळी पहिल्या चाकाला जोडली, इंजिन चालू ठेवलं, बटण दाबलं. घुरघुर झाली. चाक तसंच बसलेलं. टाकीचा काटा शून्यावरून हलेना.

बॉनेट उघडलं. मायेची घडी वाळूतल्या आदळआपटीत टाके उसवून खाली आली होती आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर टेकली होती. कॉम्प्रेसरच्या नळीला अंगठा जाईल एवढं भोक, आणि हवा त्यातून खुशाल चाललेली.

"मास्तर, माझ्याकडून घ्या हवा," डॉक्टर म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

मास्तरांनी आक्काकडे बघितलं. आक्का नदीकडे बघत होती. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला, खरं सांगतो, वाईट वाटलं. त्या नळीवरून मी त्यांना किती टोचून बोललो होतो, आणि आता 'मी सांगत होतो' म्हणायची सुवर्णसंधी समोर असताना मी ती सोडून दिली.

"नको डॉक्टर," मास्तर म्हणाले. मग त्यांनी सीटखालून कापडाची मोठी कात्री काढली.

भोक कॉम्प्रेसरच्या बाजूला, टोकापासून हातभर अंतरावर होतं. मास्तरांनी इंजिन बंद केलं, फडक्याने नळी धरली आणि भोकाच्या पुढे एका घावात कापली. काप इतका सरळ की कारखान्यात झाला नसता. मग कापलेलं टोक कॉम्प्रेसरच्या तोंडात खुपसायला ओढलं. पोचलं! वर वीतभर उरलं. दोन हात माया होती म्हणून भोक पडलं आणि दोन हात माया होती म्हणूनच नळी पुरली, आता यात कोण बरोबर आणि कोण चूक ते तुम्ही ठरवा. मी तो नाद सोडलाय. या खेपेला नळी पाइपापासून लांब, वरच्या अंगाने घट्ट बांधली.

इंजिन, बटण, घुरघुर. काटा चढला. पहिलं चाक उठलं, दुसरं उठलं. चौथं भरून झालं तेव्हा अठरा मिनिटं झाली होती आणि डॉक्टरसुद्धा खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. मी तर मास्तरांना मिठीच मारली.

मास्तर ग्रीस लागलेल्या हातांनी आक्कासमोर जाऊन उभे राहिले. "भरली. स्वतःच्या हवेवर. आता विकायची नाही ना?"

"विकायची नाही. बोललेय ना मी," आक्का म्हणाली आणि हात पुढे केला. "चावी द्या."

"का?"

"नऊ वर्षं मी बाजूला बसून रस्ता सांगतेय. रोज वीस लेकरं सुखरूप घरी पोचवणारी बाई मी, एकदा तरी विचारलंत, तू चालवतेस का म्हणून? गाडी नको असं मी कधी म्हणाले? मला ही बाजूची सीट नको होती."

मास्तर उघड्या तोंडाने माझ्याकडे बघायला लागले. मी माझ्या ड्रिलच्या पेटीकडे बघायला लागलो. शेवटी त्यांनी चावी तिच्या हातावर ठेवली आणि पलीकडच्या दारातून चढून बसले. आक्काने सीट दोन खाचा पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला आणि वाळूच्या काठावरून जीप अशी अलगद रस्त्यावर चढवली की मागे मला कळलंसुद्धा नाही.

मास्तरांनी मांडीवरची वाळू झटकली. मग खिडकीची काच खाली करून त्यांनी कोपर बाहेर टेकवलं, आणि लांबवर बघत म्हणाले, "अगं, इथून तर डोंगर दिसतात."