मोठं मडकं भरलं

वर्षभर मुकीचं काम करून कंटाळा न आलेली बाई जगात एकच, आणि ती आपल्याच घरात आहे, असं जितेश आपल्या बायकोबद्दल चारचौघांत सांगत असे. अक्षदा हसून सोडून द्यायची, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. बदलापूरला मांजर्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत ती अक्षदा होती. मोबाइलवरच्या एका खेळात मात्र ती भिवरी होती, नदीकाठच्या मुलखातून वाट चुकून आलेली बाई.

त्या खेळात ना चित्रं, ना बंदुका. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं, ते लिहायचं. खेळ चालवायचा अंबरनाथचा समीर. पाऊस पाडणं आणि वाघ सोडणं त्याच्या हाती. भिवरी जाऊन पडली होती डोंगरावरून नुकत्याच खाली उतरलेल्या लोकांच्या वस्तीत. त्यांची भाषा समीरने स्वतः बसून रचलेली, तिचा शब्दकोशही सगळ्यांना वाचायला खुला. पण नियम कडक. खेळात कुणी शिकवला असेल तेवढाच शब्द पात्राने बोलायचा. खेळणाऱ्याला कळलं म्हणून पात्राला कळत नाही. आणि पात्र मेलं की मेलं, परत येणं नाही.

बाकीच्यांनी तलवारी घेतल्या, घोडे घेतले. अक्षदाची भिवरी थोरी नावाच्या म्हातारीच्या चुलीपाशी जाऊन बसली. थोरी होत्या वृंदाताई, अंबरनाथच्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या. थोरीने मडकं उचलून दाखवावं, त्याचा शब्द सांगावा, भिवरीने चुकत माकत म्हणावा. एका मडक्यापायी अख्खी संध्याकाळ जायची. मूल, शेळी, चूल, पाणी, भरलं, उचल, मोठं. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर भिवरी चुलीवर पाणी ओतायला गेली, तेव्हा थोरीने तिचा हात घट्ट धरला आणि दूर डोंगराच्या वाटेकडे बोट दाखवलं. या लोकांत चूल कधी विझवत नाहीत, राखेखाली निखारे जपतात. पाणी ओतायचं ते घर सोडून जातानाच. वस्तीचा प्रमुख, म्हणजे अनंता नावाचा पोरगा, भिवरीला मुकीच म्हणायचा. ते मात्र अक्षदाला लागायचं. भिवरीला त्या लोकांनी आपली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिला या संथपणाचं काही वाटत नसे, कारण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या कापडाच्या दुकानात ती सिंधी अशीच शिकली होती. शेठची आई बाकड्यावर हात थोपटून "वेहो" म्हणायची आणि पापड-पाणी पुढे करायची. त्या म्हातारीजवळ बसून बसून तिला आधी कळायला लागलं आणि फार उशिरा बोलता आलं.

रविवारी दुपारी समीरने चार ओळी लिहिल्या. नदीचं पाणी गढूळ झालंय. काटक्या आणि ओली पानं वाहत येतायत. बिळांतले उंदीर वस्तीत शिरतायत.

पावसाळ्यात नदी घरात शिरलेली पाहिलेल्या मांजर्लीच्या माणसाला एवढं पुरतं. अक्षदा ताडकन उठून बसली. "जितेश, पूर येतोय!"

जितेश भेंडी चिरत होता. त्याने आधी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"इथे नाही रे! तिकडे!"

खेळणारे सगळे समजले होते. पण डोंगरातल्या माणसांनी पूर जन्मात पाहिलेला नव्हता, त्यांच्या पात्रांना काय कळणार? नदीकाठची एकटी भिवरी. आणि तिच्याकडे ना नदीला शब्द, ना पुराला, ना पळायला. तिने काही केलं नाही तर थोरीसकट सगळी वस्ती कायमची जाणार होती.

"डिक्शनरी ओपन आहे ना यार," जितेश म्हणाला. "'पूर येतोय, वर पळा.' कॉपी-पेस्ट मार. कोणाला कळणारे?"

"मला कळेल ना! गप बस जरा."

भिवरी धावत प्रमुखाच्या घरात शिरली आणि नदीकडे हात करून ओरडली, "मोठं मडकं भरलं!"

प्रमुखाने हसून तिच्या हातात पाण्याचं मडकं दिलं.

"मूल उचल! शेळी उचल!"

प्रमुखाने आपलं पोर उचललं आणि खेळवायला लागला. अनंताला सगळं कळत होतं, पण प्रमुखाला कळायला नको होतं, आणि तो बिचारा इमानाने हसत राहिला. समीरने लिहिलं, पाणी पहिल्या झोपडीला लागलंय.

अक्षदाला रडू यायला लागलं. वर्षभर शिकून काय मिळवलं, मडकं? आणि मग त्याच मडक्यापाशी तिचं डोकं थांबलं. ते अजून भिवरीच्या हातातच होतं की!

तिने लिहिलं: भिवरी मडकं प्रमुखाच्या चुलीवर उपडं करते.

जितेशची सुरी हवेतच राहिली. मग प्रमुख चिडून हात उगारून उठला, आणि दारातून थोरी ओरडली, "थांब! हिला चुलीचं माहीत आहे. मी शिकवलंय!" तिने घरी जाऊन आपल्या नातवाला कडेवर घेतलं, आपल्या हाताने आपली चूल विझवली आणि डोंगराच्या वाटेने चालू लागली. मग दुसरी चूल विझली, तिसरी विझली, शेळ्या ओढत, पोरं उचलत सगळी वस्ती टेकडी चढली. सगळ्यात शेवटी प्रमुख वर पोहोचला आणि समीरने लिहिलं, खाली आता नुसतं पाणी आहे.

"आयला! वाचले!" जितेशने अशी उडी मारली की भेंडी खोलीभर झाली.

वर टेकडीवर थोरीने नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि एक शब्द म्हटला. प्रमुखाच्या खांद्यावर ठेवला, पुन्हा तोच शब्द. मग हात भिवरीच्या डोक्यावर आला, आणि तोच शब्द. अक्षदाने तो पहिल्याच दिवशी शब्दकोशात वाचून ठेवला होता. वापरायची सोय नव्हती, आजवर कुणी शिकवलाच नव्हता.

"काय म्हणाली गं म्हातारी?" जितेशने विचारलं.

अक्षदाने डोळे पुसले आणि आधी भिवरीचं उत्तर लिहिलं. 'मी' हा शब्द अजून तिला कुणी शिकवलेला नव्हता, म्हणून तिने नावच घातलं.

"भिवरी आपली."