शेवटच्या फेऱ्याची घंटा

चालणं हाही खेळ असतो हे आमच्या कोडोलीत कुणाला पटवून देणं म्हणजे डोक्याला ताप. कुस्ती म्हणा, फुटबॉल म्हणा, लोक लगेच मान डोलावतात. मी कंबर हलवत झपाझप रस्त्यानं निघाले की मोटारसायकली थांबायच्या. "एवढी गडबड हाय तर बसा की मागं, सोडतो!"

आमचे आबा तर जुने पैलवान. "गडबड हाय तर पळत का न्हाईस? आन गडबड न्हाय तर घामाघूम कशाला?" शंभरदा सांगितलं, आबा, एक पाय कायम जमिनीला पाहिजे, दोन्ही सुटले की बाद. "व्हय, व्हय," म्हणायचे आणि म्हशीच्या धारेला बसायचे.

एकदा मोबाईलवर इटलीच्या एका चालणाऱ्याची गोष्ट वाचून दाखवली. शंभर वर्षांपूर्वीचा गडी. कधी जिंकला, कधी पंचांनी भर शर्यतीतून बाहेर काढला, तरी पुन्हा आला, पुन्हा जिंकला. आबांचा गोंधळ आणखीच वाढला. "चालताना माणूस चुकतंय कसं?" पण एका फोटोत लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. तो त्यांनी मोठा करून बघितला. "हां! हे कळलं."

कोल्हापुरात निवड चाचणी होती. माझ्या वयोगटाचं शेवटचं वर्ष. पहिली आले तर राज्याच्या संघात, नाहीतर बूट कायमचे खुंटीला.

मी पुढं होते, चांगली पुढं. घंटा वाजली. शेवटचा फेरा उरला, हे सांगणारी घंटा! कडेला उभ्या आबांना वाटलं, झालं. फेटा सांभाळत ते धावत मैदानात घुसले आणि मला काही कळायच्या आत मी त्यांच्या खांद्यावर. "जिकली! माझी पोरगी जिकली!"

"आबा, सोडा! अजून एक फेरा हाय!"

माझा आवाज ऐकतंय कोण! लोक टाळ्या वाजवत होते. मला हसू येत होतं की रडू, आजही सांगता येत नाही. राग असा आला की त्यांचा फेटा उपटून फेकावा, आणि पडू नये म्हणून मी तोच घट्ट धरून बसले होते.

पंच लाल पाटी घेऊन आले. बक्षीस समजून आबांनी हात पुढं केला. मग पंचांनी समजावलं: कुणी नुसता आधार दिला तरी खेळाडू बाद. आबांचा चेहरा खर्रकन उतरला.

त्यांनी मला खाली घेतलं. आधी एक पाय टेकवला, मग दुसरा.

"टेकलं बघ दोन्ही. आता चाल की."

"संपलं, आबा."

"एक फेरा ऱ्हायलाय म्हणालीस न्हवं?"

मी मैदानाच्या कडेकडेनं चालायला लागले. दुसरी पोरगी कधी जिंकून गेली तेही कळलं नाही. फेरा पुरा करून आले तेव्हा आबा रेषेपाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून. मी रेषा ओलांडली, थांबले, तरी त्यांनी हात सोडले नाहीत.

"आता झालं का?" त्यांनी पंचांना विचारलं.