अनारशांवरची खसखस

आई पहिल्यांदाच ओमानला येणार होती. आठवडाभर मी तिला फोनवर नियम सांगत होतो: रोख किती चालते, अंगावर सोनं किती घालायचं, रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. संगमेश्वरजवळच्या आमच्या घरी बसून ती सगळं वहीत उतरवून घ्यायची. खसखशीचं सांगायचं मात्र माझ्या डोक्यातून साफ गेलं. ती अफूच्या बोंडातली, म्हणून इथे आणायला बंदी. हे मला आलो त्या वर्षापासून माहीत होतं.

मी राहतो त्या इब्राहून गाडी घेऊन मी सकाळी मस्कतच्या विमानतळावर आलो. मुंबईचं विमान उतरून तास झाला, माणसं निघून गेली, आई काही बाहेर येईना. मग अनोळखी नंबरवरून फोन आला आणि एक पोलीस मला आत घेऊन गेला.

कस्टमच्या टेबलाशी आई पदर आवळून बसली होती. समोर तिचा स्टीलचा डबा उघडा होता. आतले अनारसे बघून मला खसखस आठवली.

अधिकारी तरुण होता, हिंदी बरी बोलत होता. त्याने एका अनारशावरचे दाणे नखाने खरवडले. "ये क्या है?"

"तिल है, सर." विचार करायलाही मी थांबलो नाही.

आईला तेवढी हिंदी कळत होती. "तीळ नाय रे," ती म्हणाली, "खसखस हाय ती. तीळ कधी लावते मी?"

अधिकाऱ्याने मान वर केली. "खश्खाश?"

अरबीतही तिला जवळपास तेच म्हणतात. आता सावरून घ्यायला जागाच नव्हती.

"और है?" त्याने आईला विचारलं. गप्प बस, असं मी नजरेने सांगत होतो. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बॅगेच्या तळातून एक पुडी काढून तिने टेबलावर ठेवली. "खीर के लिए."

त्याने तिचा पासपोर्ट आणि माझं रेसिडेंट कार्ड उचललं आणि तो आतल्या खोलीत गेला. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. नोकरी जाणार, अर्बाब, म्हणजे माझा इथला मालक, परत पाठवणार, आईला कुठे नेऊन बसवतील, काय काय डोक्यात येत होतं. खसखशीला इथे बंदी आहे, हे मी तिला हळू आवाजात सांगितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"विसरलो."

"आणि तीळ का म्हणालास?"



बऱ्याच वेळाने एक वयस्कर अधिकारी बाहेर आला. त्याने डबा आणि पुडी ताब्यात घेतली, अरबी कागदावर काय लिहिलंय ते हिंदीत सांगितलं आणि आईची सही घेतली. पासपोर्ट तिच्या हातात देताना तो अदबीने म्हणाला, "अम्मा, अगली बार नहीं." मग कार्ड माझ्यापुढे धरून तो थांबला.

"इनको मालूम नहीं था. तुमको मालूम था."

मी मान खाली घालून कार्ड घेतलं.

घरी जाताना वाटेत बिदबिदच्या पुढे आईने गाडी थांबवायला सांगितली. पेट्रोलपंपाच्या सावलीत बसून ती पाणी प्यायली. मी म्हणालो, "चुकलं माझं." तिने उरलेलं पाणी माझ्यापुढे धरलं.

दोन महिने ती माझ्याकडे राहिली. गावच्या बायकांना फोनवर इथल्या डोंगरांचं, खजुरांचं, सूरच्या समुद्राचं भरभरून सांगायची. त्या सकाळचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. मीही आज पहिल्यांदाच सांगतोय.