फुलपाखरांचं मस्टर

देवाने उद्या सगळ्या जीवमात्रांची हजेरी घ्यायची ठरवली, तर त्या कामाला आमच्या हिच्या मामांइतका लायक माणूस त्याला तिन्ही लोकांत मिळणार नाही. मामा शहाडला राहतात. मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी उभी हयात टाइमकीपर म्हणून काढली. भोंगा झाला की गेटवर उभं राहायचं आणि कोण आला, कोण उशिरा आला, कोण रजेवर गेला ते मस्टरमध्ये लिहायचं, हे त्यांचं काम. मामा निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. आमच्याकडे डोंबिवलीला जेवायला आले, तरी आधी पंगतीवरून नजर फिरवून कोण आलं नाही ते सांगतात आणि मगच पाटावर बसतात. एका लग्नात तर त्यांनी मांडवात शिरणाऱ्या नवरदेवालाच घड्याळ दाखवलं होतं.

अशा माणसाला ठाण्याची फुलपाखरांची बाग दाखवायची चूक माझीच. घोडबंदर रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी ती बाग आहे. फुलपाखरांना आवडणारी झाडं लावून ठेवली आहेत, त्यांच्यावर फुलपाखरं आपणहून येतात. हे 'आपणहून येतात' मामांच्या फारच मनात भरलं. पुढच्याच रविवारी ते कल्याणच्या बाजारातून आणलेलं कोरं, लांबलचक मस्टर घेऊन आमच्या दारात हजर. डावीकडे फुलपाखरांची नावं, निलवंत, हळदीकुंकू, लिंबाळी, आणि पुढे रविवारांचे चौकोन. अंगात एरवीचा पांढरा सदरा नव्हता, मोठमोठ्या फुलांचा नारिंगी शर्ट होता. फुलपाखरांना परकं वाटायला नको म्हणून. ठाण्याच्या बसमध्ये लोक त्यांच्याकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर.

बागेत आम्ही दर रविवारी आठच्या ठोक्याला पोचायचो. फुलपाखरं मात्र ऊन चढल्याशिवाय पंख उघडत नाहीत, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात मस्टरचं अख्खं पान लेट मार्कांनी भरलं. शेवटी मामांनी मोठ्या मनाने त्यांची पाळी नऊची करून दिली. एकदा एक लिंबाळी त्यांच्या शर्टावरच्या फुलावर येऊन बसली, तर तिचं काम होईपर्यंत मामा श्वास रोखून उभे राहिले. पण एखादं फुलपाखरू महिना महिना दिसलं नाही, तरी त्यांनी कधी त्याच्यापुढे गैरहजर लिहिलं नाही. रजा लिहायचे. मी म्हटलं, मामा, अहो फुलपाखराचं आयुष्य ते केवढं, तो निलवंत कधीच गेला असेल. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गैरहजर लिहिलं की माणूस गेटवर यायला लाजतो, जावईबापू. रजा लिहिली की परत येतो."

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, पण माझ्या मनाने हाय खाल्ली. डॉक्टर म्हणत होते चाला, आणि मी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हतो. रस्त्यात काही झालं तर, एवढंच डोक्यात. हिने विनवलं, रागावली, रडली. मग एका शनिवारी मामांचा फोन आला. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. "तुमची रजा आज संपते. वाढवायची असेल तर समक्ष येऊन अर्ज द्यावा लागतो. नियम आहे."

मला असा संताप आला की रात्रीच चार ओळींचा अर्ज खरडला आणि सकाळी हिला घेऊन रिक्षाने थेट ठाण्याची बाग गाठली. मामा नारिंगी शर्टात बाकावर बसले होते. त्यांनी मस्टर उघडून समोर धरलं. हळदीकुंकू आणि लिंबाळी यांच्या मधल्या ओळीत माझं नाव होतं आणि त्यापुढे सहा चौकोनांत, त्यांच्या वळणदार अक्षरात, रजा, रजा, रजा. अर्ज नंतर बघू म्हणाले, आधी त्या कढीपत्त्यावर लिंबाळी आलीय का बघून या. मी बघून आलो. मग हळदीकुंकू बघायला पाठवलं, मग पार टोकाला, ओढ्यापाशी. बागेची फेरी पुरी झाल्यावर लक्षात आलं की एवढ्या वेळात माझा हात एकदाही छातीकडे गेला नव्हता. मामांनी त्या दिवशीच्या चौकोनात 'हजर' लिहिलं. मी झाडाआड जाऊन रडलो, हे हिलाही अजून माहीत नाही. आज मी चालतो-फिरतो आहे ते त्या माणसामुळे, हे मात्र सगळ्यांना सांगत असतो.

यंदा मामा घरात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ते जुळलं, डॉक्टर वॉकर धरून चाला म्हणतात, पण मामा खाट सोडत नाहीत. रविवारची हजेरी आता मी घेतो आणि दुपारी शहाडला जाऊन त्यांना दाखवतो. शेवटच्या ओळीत त्यांचं नाव मी घातलंय.

गेल्या रविवारी त्यांनी ती ओळ बोटाने शेवटपर्यंत तपासली आणि बारीक आवाजात म्हणाले, "माझं नाव काढा आता. किती दिवस रजा लिहाल?"

"नाव काढायचं तर समक्ष येऊन अर्ज द्यावा लागतो, मामा," मी म्हटलं. "नियम आहे."

मामांनी मामींना हाक मारली आणि नारिंगी शर्ट इस्त्रीला दिलाय का, ते विचारलं. मी मस्टर मिटलं. येत्या रविवारचा त्यांचा चौकोन अजून कोरा आहे.