दाव्यातल्या पाण्याचा सडा

लातूर जिल्हा झाला आणि आमच्या वकील मंडळींना अचानक ज्ञानाची भूक लागली. तोवर जिल्ह्याच्या कामाला एसटीने उस्मानाबाद गाठावं लागे. मांडीवर फायली, पायाशी डबा, आणि शेजारच्या सीटवर नेमका तोच माणूस, ज्याच्याविरुद्ध आपण भांडायला चाललोय. त्या धक्क्यांत कुणाला काही शिकावंसं वाटलं नव्हतं. आता जिल्ह्याचं कोर्ट दारात आलं, जुन्या कोटांना इस्त्री झाली, आणि वकील मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की नव्या जिल्ह्याला शोभेल एवढं ज्ञान आपल्याकडे असलं पाहिजे. त्यासाठी अभ्यासवर्ग. हजेरी सक्तीची. जो येणार नाही, त्याची सरकारी वकिलांच्या यादीसाठी मंडळ शिफारस करणार नाही.

ही शेवटची अट ऐकल्यावर भूक भलतीच वाढली. सनद मिळाल्यापासून ज्यांनी पुस्तकाचं पान उलटलं नव्हतं, ते पहिल्या रांगेत बसायला लागले. पहिली रांग पंख्याखाली होती.

मी मूळची मुखेडची. लग्न होऊन लातूरला आले आणि इथंच वकिली सुरू केली. मंडळात मी एकटीच बाई, म्हणून माझी एक नेमणूक न मागता झाली होती: पाहुण्यांना गुच्छ देणे. कुणी कुळकायद्यावर बोलायला येवो, कुणी मुद्रांक शुल्कावर, गुच्छ माझ्याच हातून. अध्यक्ष म्हणायचे, "त्येनं कार्यक्रमाला शोभा येती." माझ्या युक्तिवादाने कशाला शोभा येते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात तर दुष्काळ असा की फुलं नांदेडहून मागवावी लागत, कारण इकडे झाडांना पाजायला काही उरलं नव्हतं. तरी गुच्छ चुकला नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्याकडे एक रंगरेज बाई आली. रेणापूरच्या रस्त्याला गावाबाहेर तिचा रंगाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, चुली आणि तांब्याचे मोठे हंडे. नवरा गेल्यावर तिने तो एकटीने चालवला होता. लग्नसराईतले फेटे आणि उपरणी ती रंगवून द्यायची. गावातल्या निम्म्या नवरदेवांच्या डोक्यावर तिचा रंग असायचा. विहीर सामाईक, तिची आणि दिराची. दिराने विहिरीवर इंजिन बसवलं, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि फाटकाला कुलूप लावलं. पाणी तो ट्रॅक्टरच्या टँकरने विकत होता.

"बाईसाब, रंगाला पानी लागतंच," ती म्हणाली. "लोकायनं कपडा आनून टाकलाय. लगीन काय माझ्यासाठी थांबतंय? ह्या सराईत कपडा रंगवला न्हाई तर फुडल्या साली माझ्या दारात कुत्रं येनार न्हाई."

दावा लावला, सोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज दिला: निकाल लागेपर्यंत दिराने तिला पाणी घ्यायला अडवू नये. विहिरीत तेव्हा पाणी होतं, बेलिफाने नोटीस बजावताना ते पाहिलं होतं. अर्जावर म्हणणं द्यायला विरुद्ध बाजूने जे वकील उभे राहिले ते आमच्या मंडळाचे सचिव. अभ्यासवर्गाची सगळी व्यवस्था त्यांच्याच अंगावर. मान खाली घालून बोलणारे, अत्यंत विनयशील गृहस्थ. त्यांचा विनय पाहिला की मी पर्स जवळ ओढून घ्यायची.

सुनावणी शनिवारी लागली. त्याच शनिवारी दुपारी वर्ग होता, आणि औरंगाबादहून एक नामांकित वकील येणार होते. विषय: तूर्तातूर्त मनाई, तातडीची गरज आणि न्यायालयाचं कर्तव्य.

सकाळी अर्ज पुकारला. सचिव उठले आणि नम्रपणे म्हणाले, "आज वर्ग आहे. आजच्या कामांचं सगळं बोर्ड पुढच्या तारखेला गेलंय, साहेब." मी उभी राहिले आणि सांगितलं की पाणी रोज उपसलं जातंय, मला फक्त दहा मिनिटं द्या. न्यायाधीश साहेब वर्गाचे प्रमुख पाहुणे होते. ते माझ्याकडे मायेने बघून म्हणाले, "बाई, तुम्हालाही यायचंय ना? गुच्छ तुमच्याकडेच आहे." बुधवारची तारीख पडली.

बाहेर आले तर कोर्टाच्या आवारात सडा चालला होता. पाहुण्यांना धूळ लागू नये म्हणून वर्गासाठी घातलेल्या मांडवाच्या दारापासून फाटकापर्यंत टँकरने जमीन भिजवत होते. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात ती ओली माती बघायला लोक रस्त्यावर थांबले. माझी पक्षकार लिंबाखाली बसली होती. ती ट्रॅक्टरकडे बघत होती.

"ह्यो माझ्या दिराचा टॅक्टर हाय," ती म्हणाली. "पानी आपल्याच हिरीचं."

मी सरळ अध्यक्षांकडे गेले. ते पाहुण्यांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकत होते. म्हटलं, अध्यक्षसाहेब, हे पाणी दाव्यातलं आहे. ज्या विहिरीवर मी मनाई मागतेय, तिचं पाणी तुम्ही मनाईच्या व्याख्यानासाठी जमिनीवर ओतताय.

"पान्यावर काय कुनाचं नाव लिवलेलं असतंय का, बाई?" ते म्हणाले, आणि टॉवेलची सुरकुती काढली.

सचिव मागे उभेच होते. "आमच्या पक्षकारानं समाजकार्य म्हणून दिलंय. फुकट." हे बोलतानाही मान खाली.

सचिवांनी सगळं ठरवून केलं, असं मी म्हणणार नाही. तेवढा विचार करायची त्यांना सवय नव्हती. वर्गाला टँकर लागला, पक्षकाराकडे टँकर होता, त्यांनी सांगितलं. आपण त्या पाण्याचे वकील आहोत हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. मला मात्र त्या क्षणी तो टॉवेल अध्यक्षांच्या तोंडात कोंबावासा वाटला.

औरंगाबादचे पाहुणे आलेच नाहीत. त्यांची मोटार अंबाजोगाईच्या अलीकडे तापून बंद पडली होती. ड्रायव्हर बादली घेऊन तीन वस्त्या फिरला. रेडिएटरमध्ये ओतायला पाणी कोण देणार? माणसांना नव्हतं. शेवटी एका ट्रकने गाडी ओढून परत नेली. आम्ही हार, गुच्छ आणि वाळत चाललेला सडा घेऊन संध्याकाळपर्यंत थांबलो. मग अध्यक्षांनी पर्यायी दिवस जाहीर केला. बुधवार.

बुधवारी पुन्हा बोर्ड पुढं गेलं, माझा अर्जही सोमवारवर गेला. पुन्हा सडा. या वेळी पाहुणे आले, आणि बोलले फार सुंदर. तातडीचा अर्ज म्हणजे आग लागल्यावर मारलेली हाक, ते म्हणाले. तिला उद्या ओ देऊन उपयोग नाही. न्यायाधीश साहेबांनी मान डोलावली. सचिवांनी हे वाक्य लिहून घेतलं. पंख्याखाली एकजण घोरत होता, त्याला शेजाऱ्याने टाळ्या वाजवण्यापुरतं उठवलं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उठले. विचारलं, तातडीचा अर्ज जर तातडीवरच्या व्याख्यानासाठी पुढं ढकलला, तर वकिलाने काय करावं?

पाहुणे मनापासून हसले. "असं कुठं घडतं का, मॅडम?" त्यावर सगळा मांडव हसला. साहेबही हसले. अध्यक्षांनी चहा आल्याचं सांगितलं आणि प्रश्नोत्तरं संपली.

सोमवारी अर्ज पुकारला. आता सगळे ताजे शिकलेले. सचिवांनी फारशी हरकत घेतली नाही. साहेबांनी आगीचं ते वाक्य हुकमात घातलं, आणि दहा मिनिटांत मला मनाई मिळाली, कुलूप काढण्याच्या आदेशासह. बार रूममध्ये अध्यक्षांनी माझ्या नावाने चहा सांगितला. वर्गाचं पहिलं फळ, ते सगळ्यांना सांगत होते; जिल्हा झाल्याचा फायदा दिसायला लागलाय. पुढच्या वर्गात या प्रकरणावर मीच चार शब्द बोलावेत असंही ठरलं. म्हणजे गुच्छही मी देणार आणि भाषणही मीच करणार.

दुपारी बेलिफाबरोबर मी आणि माझी पक्षकार विहिरीवर गेलो. दीर फाटकाशी हात जोडून उभा होता. बेलिफाने हुकूम वाचला, त्याने निमूट कुलूप काढलं. इंजिनाचा पाइप बाहेर काढून गुंडाळून ठेवलेला होता. "घ्या की भाभी," तो म्हणाला, "म्या कवा न्हाई म्हनलं?"

तिने घरून आणलेली बादली सोडली. दोर जात राहिला, मग खाली दगडावर खरवडल्याचा आवाज आला. वर आला तो लाल चिखल, बोटभर. तिने तो बादलीत हलवून पाहिला, हाताला लागलेला पदराला पुसला. पलीकडे तिच्या छपराखाली लोकांचा कपडा गठ्ठ्यांत बांधलेला दिसत होता, पांढराच.

बेलिफाने आमची सही घेतली आणि तो सायकलवरून गेला. तिने दोर नीट गोळा केला, माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "बाईसाब, मंग आता फुडली तारीख कोनती?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं, की हुकमाची तारीख असते तशी पाण्याचीही एक असेल, आणि ती मला ठाऊक असेल.