बॅटरी लावू नका!

इंदापूरच्या काठावरून भीमेत नाव सुटली तेव्हा चांगलं ऊन होतं. पन्नास-पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट... मी नवी सून, आणि मांडीशी बारामतीच्या दुकानातून एका दिवसापुरता मागून आणलेला रेडिओ!

त्या संध्याकाळी माझी धाकटी बहीण सुशी पुण्याहून रेडिओवर पहिल्यांदा गाणार होती. आई पलीकडच्या काठावर, माझ्या माहेरी. पोरीच्या जातीनं गाऊ नये म्हणून तिनं सुशीशी बोलणंच टाकलं होतं... आणि आता तिनंच गुपचूप निरोप धाडला होता, रेडिओचं काहीतरी बघा म्हणून.

ह्यांना बारामतीला कामावर परतायचं होतं. काठावरून ते नावाड्याला ओरडले, "तात्या, बॅटरी जपा! वाटेत अजिबात लावू नका!"

तात्यांनी कमरेला खोचलेली बॅटरी चाचपली. "न्हाय लावत, मालक!"

मला नवलच वाटलं. तात्यांच्या बॅटरीची ह्यांना एवढी कसली काळजी? आमच्याकडे बॅटरी म्हणजे हातात धरून उजेड पाडायची ती. रेडिओला तारेनं जोडलेल्या त्या जड ठोकळ्याला मी आपली ठोकळाच म्हणत होते...

थोडं पुढं गेल्यावर तात्या म्हणाले, "वैनी, ह्यो बोलतो कसा, बघू तरी." मलाही तेच हवं होतं. दुकानात दाखवलं होतं तशी एक तार नावेतल्या बांबूला बांधली, कान पिळला... आणि भर नदीत भजन सुरू झालं! मग बाजारभाव झाले. मग कुणाचं तरी भाषण, त्यातलं एक अक्षर कळलं नाही तरी आम्ही मन लावून ऐकलं.

नदी भरलेली, नाव लांबून वळसा घेत चाललेली. हळूहळू आवाज बारीक व्हायला लागला. तात्या म्हणाले, "गार वाऱ्यानं घसा बसला आसंल." मला ते पटलं... मी रेडिओभोवती शाल गुंडाळली! तरी आवाज खालीच. आपण काय मोडलं, तेच कळेना. रडूच यायला लागलं.

त्यात अंधारून आलं. काठ दिसेना, तरी तात्या बॅटरी लावायला तयार नाहीत. मालकांना शब्द दिला होता ना! शेवटी नाव पलीकडच्या काठाच्या दगडाला धडकूनच थांबली.

आई वाट बघून बघून पाण्यापर्यंत आली होती. सुशीची वेळ झालीच होती. तार सोडवण्यात वेळ कशाला घालवा, म्हणून तीच नावेत चढली. रेडिओतून डासाएवढा आवाज येत होता... जेमतेम एका कानापुरता. आईनं रेडिओच्या तोंडावरच्या कापडाला कान लावला.

मला काहीच कळेना. सुरू झालं का? सुशीच आहे, की नुसती खरखर? अंधारात आईचा चेहराही दिसेना.

तात्या हळूच म्हणाले, "वैनी, आता तरी लावू का बॅटरी?"

म्हटलं, लावा.

उजेड आईवर पडला. डोळे मिटलेले... आणि उजव्या हाताचं बोट नावेच्या फळीवर ताल धरत होतं. आमच्या आईचं बोट!

थोड्या वेळानं बोट थांबलं. रेडिओ पार मुका झाला होता. आई उठली, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "सुशीला म्हणावं, घरी यं."

यजमानांनी नंतर मला 'बॅटरी' समजावून सांगितली, पोट धरधरून हसत. सुशीच्या त्या गाण्यातला एक सूरही मी ऐकलेला नाही... पण तात्यांनी बॅटरी जपली, म्हणून मला ते बघायला मिळालं.